शॅम्पू सोडायचाय? आधी नळाचं पाणी बघा

शॅम्पू सोडायचं मनात आणलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला मिळतो: चार-सहा आठवडे कळ काढ. शॅम्पू टाळूवरचं तेल ओरबाडून नेतो, म्हणून टाळू भरपाई करायला जास्त तेल सोडते. शॅम्पू बंद केला की सुरुवातीला केस चिकट होणार, पण मग टाळूच्या लक्षात येणार आणि तेल आपोआप कमी होणार. कोथरूडमधले योगवर्ग, औंध-बाणेरचे सेंद्रिय बाजार, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे हेच. ऐकायला इतकं पटतं की उलट प्रश्न कोणी विचारत नाही.

शॅम्पू सोडून शिकेकाईकडे वळण्यात वावगं काही नाही. माझं स्वतःचं न्हाणं वर्षातला बराच काळ शिकेकाईवरच असतं. पण वरच्या सल्ल्यातलं कारण खोटं आहे, आणि कारण खोटं असलं की माणूस भलत्याच गोष्टीची वाट बघत बसतो. टाळूला शॅम्पूची खबरच लागत नाही. जोरकस साफ करणारी वस्तू बाजूला ठेवून सौम्य साफ करणारी हाती घ्यायची, एवढाच हा व्यवहार आहे. तो जमेल की फसेल हे ठरतं तुमच्या टाळूच्या तेलावर, केसांच्या वळणावर, आणि पुण्यात तर सगळ्यात जास्त तुमच्या बाथरूममध्ये येणाऱ्या पाण्यावर.

तेल कोण बनवतं

प्रत्येक केसाच्या मुळाला लागून तेलग्रंथी असते. चेहरा आणि टाळू इथे त्यांची दाटी सर्वांत जास्त, चौरस सेंटीमीटरला 400 ते 900. ग्रंथीतली पेशी तेलाने फुगत जाते, शेवटी फुटते आणि तिच्यातलं तेल केसाच्या कडेकडेने वर येतं. यालाच सेबम म्हणतात. त्यात स्निग्ध पदार्थ, मेदाम्लं, मेणासारखे एस्टर आणि स्क्वालीन असतं. किती पेशी भरायच्या याचा हुकूम रक्तातून येतो, मुख्यतः अँड्रोजेन गटातल्या संप्रेरकांकडून.

म्हणून पहिली-दुसरीतल्या पोराचे केस चार दिवस न धुता राहिले तरी तेलकट दिसत नाहीत, आणि तेच पोर आठवी-नववीत गेलं की सकाळी धुतलेले केस संध्याकाळी कपाळाला चिकटतात. पाळी गेल्यानंतर अनेक बायकांचे केस कोरडे होतात. शॅम्पूची बाटली या सगळ्या काळात तीच असते. 1958 मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि वॉल्टर शेली या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाताळला होता: त्वचेवरचं तेल काढून टाकलं तर ग्रंथी वेग वाढवते का? त्यांचा निष्कर्ष असा की वाढवत नाही. वर तेल साचलंय की पुसलं गेलंय, याच्याशी ग्रंथीला देणंघेणं नसतं. ती आपल्या गतीने चालू राहते.

मग त्या चार-सहा आठवड्यांनंतर केस खरंच बरे वाटतात, त्याचं काय? वाटतात, हे मान्य. त्याची कारणं मात्र साधी आहेत. बाजारातल्या बहुतेक शॅम्पू-कंडिशनरमध्ये डायमेथिकोनसारखी सिलिकॉन असतात. ती केसावर पातळ, गुळगुळीत थर देतात. वापर थांबवला की काही धुण्यांत तो थर उतरतो आणि खालचा खरा केस हाताला लागतो. तो आधी खरखरीत वाटतो, मग हाताला त्याची सवय होते. दुसरं म्हणजे रोज विंचरल्याने मुळाशी साचलेलं तेल टोकापर्यंत पोचतं आणि आधी कोरडी असणारी टोकं मऊ पडतात. तिसरं कारण म्हणजे माणूस शिकतो: किती पाणी, किती चोळायचं, किती वेळ खळखळून धुवायचं. या तिन्हींत ग्रंथीचा संबंध कुठेच नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. खांद्यापर्यंतच्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं आणि ते मेलेलं आहे, त्याची दुरुस्ती होत नसते. सहा आठवड्यांत 'केसांचा पोत बदलला' असं कोणी म्हणालं तर बदलला तो केसावरचा थर.

याचा व्यवहारातला अर्थ असा: महिनाभर शिकेकाई वापरूनही टाळू तेलकट, खाजरी राहत असेल, तर 'अजून थोडं थांब' हा सल्ला ऐकू नका. थांबून ग्रंथी सुधारणार नाही. पद्धत बदला किंवा पाणी तपासा.

शॅम्पू नेमकं करतो काय

केसाचं सगळ्यात बाहेरचं आवरण म्हणजे एकमेकांवर चढवलेले बारीक चपटे खवले, कौलारू घराच्या कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेले. कौलं बसलेली असली की केस चमकतो, गुंतत नाही. ती उचकटली की केस केसात अडकतात आणि विंचरताना तुटतात. अल्कधर्मी पदार्थ ती उचकटतात, किंचित आम्लधर्मी पदार्थ ती बसवतात. टाळूचा सामू (पीएच) साधारण 5.5 असतो आणि केसाचा त्याहून कमी. अंगाच्या साबणाचा 9 ते 10. आमच्या आजीच्या पिढीत 'डोक्याला साबण लावू नये' असं सांगत, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होतं.

शॅम्पू म्हणजे पातळ साबण, हा समज मात्र चुकीचा. 1934 मध्ये अमेरिकेत ड्रीन नावाचा शॅम्पू आला, कृत्रिम डिटर्जंटवर बनवलेला. तिथून शॅम्पूचा साबणाशी संबंध सुटला. आजच्या शॅम्पूत सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन असे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. असे शेकडो रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर, आणि तो गोळा पाण्याबरोबर वाहून जातो. शिकेकाई आणि रिठा हेच काम सॅपोनिन नावाच्या रेणूंकडून करवून घेतात. म्हणजे तत्त्व एकच, फरक ताकदीचा. फेसाचा आणि स्वच्छतेचा फारसा संबंध नाही. फेस आपल्या समाधानासाठी असतो.

सल्फेटमुळे कर्करोग होतो असं फिरत असतं. त्याला आधार नाही. सोडियम लॉरिल सल्फेट कोरड्या किंवा नाजूक त्वचेला झोंबतं, चुरचुरतं, एवढं खरं आहे, आणि शॅम्पू कमी करायला ते कारण पुरेसं आहे. घाबरवायची गरज नाही.

दुकानात हिरव्या बाटलीवर शिकेकाईच्या शेंगांचं चित्र असतं. बाटली उलटी करा आणि मागची बारीक यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाण्याच्या पाठोपाठ सोडियम लॉरेथ सल्फेट आणि शिकेकाईचा अर्क सुगंधाच्या आसपास असेल, तर तुमच्या हातात शॅम्पूच आहे. वाईट आहे असं नाही, पण शॅम्पू सोडल्याचं समाधान त्यातून मिळवू नये.

पुण्यात पाण्याच्या दोन जाती

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुण्यात शिकेकाई 'फसली' म्हणून सांगणाऱ्या बहुतेकांची गोष्ट पाण्यापाशी येऊन थांबते.

महापालिकेचं पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणसाखळीतून येतं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून. हे सह्याद्रीवर पडलेलं आणि जमिनीवरच साठलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी, म्हणून ते तुलनेने मऊ. सदाशिव पेठेत, डेक्कनवर, कोथरूडच्या जुन्या भागात जे नळाला येतं ते हेच.

बोअरचं पाणी वेगळं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून मुरत, साठत राहिलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतात. आपण त्याला जड पाणी किंवा क्षाराचं पाणी म्हणतो. 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी वाघोली, बावधन, सूस, म्हाळुंगे अशा भागांत कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. टँकर कोणत्या विहिरीवर भरला हे आपल्याला कोणी सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. 600 चं पाणी प्यायला चालतं. डोक्याला ते वेगळंच दाखवतं.

आपल्याकडे कोणतं पाणी येतं ते आधी घरच्या घरी तपासा. पारदर्शक बाटलीत पाव भाग पाणी घ्या, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. हँडवॉश किंवा शॅम्पू टाकू नका, त्यांना जड पाण्याचा फारसा फरक पडत नाही. शेजारी दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी घेऊन तेच करा. मऊ पाण्यात भरगच्च फेस येतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. जड पाण्यात फेस बसतो आणि दह्यासारखी पांढरट फुटी तरंगते. बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांवर जे पांढरं कीट बसतं त्याची ही सुरुवात.

सॅपोनिनची गंमत अशी की साबणासारखी त्यांची फुटी होत नाही, म्हणून जड पाण्यातही शिकेकाई काम करते. अडचण होते ती तेल थोडं मागे राहिलं की. शॅम्पू तेल पुरतं उचलतो, शिकेकाई अर्धवट सोडते. त्या राहिलेल्या तेलातली मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमला पकडतात आणि केसावर मेणचट, चिवट थर बसतो. केस धुतलेले असतात, कोरडे असतात, पण बोटांना चिकट लागतात आणि कंगव्याला राखाडी मळ येतो. माणसाला वाटतं टाळूची सवय मोडतेय, थांबू या. तो बिचारा कॅल्शियमची वाट बघत असतो.

उपाय महाग नाहीत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पाणी उकळल्याने बराच उतरतो. शाळेत शिकलेला तात्पुरता कठीणपणा तो हाच. पातेलंभर पाणी चांगलं खळखळ उकळा, निवू द्या, तळाशी पांढरा गाळ बसला की वरचं ओतून घ्या. संपूर्ण न्हाणं या पाण्यात करायची गरज नाही, शिकेकाईचा काढा यात करायचा आणि शेवटचे दोन-तीन तांबे याचे घ्यायचे. शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर किंवा आवळकाठीचं पाणी घातलं की आम्लामुळे क्षार सुटतात आणि कौलंही बसतात. पावसाळ्यात तर गच्चीच्या पन्हाळीखाली बादली लावा. पहिल्या दोन-चार सरींचं धुळीचं पाणी जाऊ द्यायचं, पुढचं भरायचं. त्याच्याइतकं मऊ पाणी विकतही मिळणार नाही.

एक सांभाळा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून वापरायची पुण्यात चांगली सवय आहे. ते फरशीला, संडासाला वापरा, केसांना नको. आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. आणि शॉवरला लावायचा तो चकचकीत फिल्टर 'पाणी मऊ करतो' म्हणून विकतात, त्यातले बहुतेक क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम नाही. खरं मऊ करणारं यंत्र आयन बदलणारं असतं, त्याला अधूनमधून मीठ घालावं लागतं आणि ते मुठीएवढं नसतं.

शिकेकाई आणायची, दळायची, उकळायची

शिकेकाईचा वेल काटेरी, सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढलेला. बाभळीच्या कुळातला. तिच्या वाळक्या, सुरकुतलेल्या शेंगा तपकिरी असतात आणि हलवल्या की आत बिया वाजतात. रिठा हे फळ. सॅपोनिन त्याच्या सुरकुतलेल्या सालीत, काळी बी टाकून द्यायची.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात काष्ठौषधींची दुकानं आहेत. तिथे शिकेकाई मागितली की पुढचा प्रश्न येतो.

"काकू, नुसती देऊ की सगळं घालून?"

"सगळं म्हणजे काय काय, दादा?"

"शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा, मेथी, संत्र्याची साल, बावची."

"बावची काढा. बाकी बांधा."

यातला नागरमोथा आणि गव्हला कचोरा मुख्यतः वासासाठी. संत्र्याची सालही. आवळा आम्लासाठी. मेथी भिजली की बुळबुळीत होते, त्यामुळे केस गुंतत नाहीत. जास्वंदीची पानं चुरडून काढलेला गरही हेच काम करतो आणि मला तो मेथीपेक्षा बरा वाटतो, वास येत नाही. बावचीला माझा नकार यासाठी की तिच्यात सोरालेन असतं. ते त्वचेवर राहिलं आणि वर ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते. वैद्यांनी विशिष्ट आजारासाठी दिली तर तो वेगळा विषय. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाच्या केशस्नानात तिचं काम नाही.

दळण हे वेगळं प्रकरण. नेहमीचा गिरणीवाला हात जोडतो: "ताई, शिकेकाई नाही दळत. मागून येणाऱ्याची ज्वारी कडू होते, आणि मला दिवसभर शिंका." दोन्ही खरं आहे. सॅपोनिन कडू असतात आणि त्यांची धूळ नाकाला झोंबते. 'येथे शिकेकाई दळून मिळेल' अशी पाटी असलेली गिरणी शोधायची, आणि डबा उघडताना तोंड बाजूला.

पण मी दळूच नका म्हणेन. पूड कितीही बारीक केली तरी तिचे कण केसात अडकतात, धुताना कौलांवर घासतात आणि नंतर मोरी तुंबवतात. लांब केसांना तर ती निघतच नाही. काढा बरा. मूठभर शेंगा बिया काढून आणि तीन-चार रिठे फोडून रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. मोठं पातेलं घ्या, रिठा फेसाळून उतू जातो आणि शेगडी पुसायला अर्धा तास जातो. निवल्यावर हाताने कुस्करून जुन्या सुती ओढणीतून गाळायचं. चहाच्या गाळणीतून बारीक चोथा खाली उतरतो. आवळकाठी असेल तर लोखंडी भांडं टाळा, पाणी शाईसारखं काळं होतं. पांढऱ्या केसांवर आवळ्याचा पिवळट-तपकिरी डागही बसू शकतो. काढा दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकतो, मग आंबतो.

डोकं आधी भरपूर भिजवायचं. काढा टाळूवर ओतायचा, केसांच्या लांबीवर नव्हे. लांबीचं काम वाहत जाणाऱ्या पाण्याने होतं. बोटांच्या पेरांनी चोळायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं. डोळे घट्ट मिटून. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर शॅम्पूपेक्षा जास्त झोंबतं, डोळा दिवसभर लाल राहतो, म्हणून लहान मुलांच्या डोक्याला नुसती शिकेकाई, रिठा नको. टाळू फार तेलकट असेल तर रिठा वाढवा, कोरडी असेल तर वगळा. प्रमाण असं प्रत्येकाचं वेगळं निघतं, आणि तयार पुड्यात हे जमत नाही.

'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' असं गृहीत धरणाऱ्यांसाठी एक माहिती. रिठ्याची फळं ओढ्यात चेचून टाकून मासे गुंगवून पकडायची पद्धत जुनी आहे. तेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतात.

खायचा सोडा आणि लिंबू

परदेशातून आलेल्या 'नो-पू' पद्धतीत खायच्या सोड्याने डोकं धुवायचं आणि व्हिनेगरने खळखळायचं असतं. सोड्याच्या पाण्याचा सामू 8 च्या वर. पहिल्यांदा केस झकास स्वच्छ निघतात, कारण तेल जातंच. दोन-तीन महिन्यांत केस तुटायला लागतात. आणि जड पाण्यात सोडा म्हणजे क्षारात क्षार. पुण्याला शिकेकाई हाताशी असताना हा उद्योग कशासाठी, मला कळलेलं नाही. निव्वळ लिंबू टाळूवर चोळणं तितकंच वाईट. आम्ल फार तीव्र, आणि लिंबाच्या रसावर ऊन लागलं की काहींची त्वचा भाजते.

कोंडा असेल तर थांबा

आता जो भाग नैसर्गिकवाले टाळतात तो. कोंडा बहुतेकांना वाटतो तसा कोरडेपणाने होत नाही. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यात राहते. 2007 मध्ये तिच्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दिसलं की तिला स्वतःची मेदाम्लं बनवताच येत नाहीत. ती आपल्या सेबमवर जगते. सेबम फोडताना ओलेइक आम्ल मागे राहतं, ते ज्यांच्या त्वचेला सोसत नाही त्यांची त्वचा चिडते, खाजते, पापुद्रे सुटतात. म्हणजे टाळूवर तेल जितकं जास्त वेळ, तितकी तिची चंगळ. अशा डोक्यावर रात्रभर तेल जिरवणं आणि मग आठवडाभर सौम्य न्हाणं हा कोंडा वाढवायचा खात्रीचा मार्ग आहे.

कोंडा असेल तर आधी केटोकोनाझोलचा औषधी शॅम्पू डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वापरून तो आटोक्यात आणा. नंतर हवं तर शिकेकाई. पुण्यात हे जुलै-ऑगस्टमध्ये जास्त सांभाळावं लागतं: हवा दमट, लांब केस दोन-दोन दिवस मुळाशी ओले, त्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली स्कार्फ. हेल्मेटचं आतलं अस्तर धुवायचं असतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

तेलाबद्दल इतकंच की ते केसाला लावा, टाळूला नाही, आणि धुण्याआधी. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं, असं 2003 मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत दिसलं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा फायदा झाला नाही. प्रयोग मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केले होते हे लक्षात ठेवूनही त्यातलं कारण पटण्यासारखं आहे. शिकेकाईच्या आदल्या रात्री नव्हे, तास-दोन तास आधी, आणि चमचाभर. दिवाळीच्या अभ्यंगासारखं थबथबलेलं डोकं शिकेकाईला उरकत नाही. त्या दिवशी दोनदा धुवावंच लागतं.

कोणाला जमतं

कुरळ्या केसांना सगळ्यात चांगलं. वळणांमुळे तेल टोकापर्यंत उतरत नाही, टोकं कायम कोरडी, म्हणून सौम्य धुणं त्यांना मानवतं. जाड, कोरडे, मध्यम वळणाचेही बरे. सरळ, बारीक आणि तेलकट केसांची माणसं मात्र थोड्याशा तेलानेही चपटी दिसतात. त्यांनी शॅम्पू पूर्ण सोडण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातून एकदा शॅम्पू, मधल्या न्हाण्याला शिकेकाई किंवा नुसतं पाणी, असं जमवता येतं. शॅम्पूही निम्मा, तळहातावर पाण्यात पातळ करून आणि फक्त टाळूवर. नवले पूल ते हिंजवडी रोज दुचाकीवर जाणाऱ्याच्या डोक्यात धूळ, धूर, घाम सगळंच असतं. नुसत्या पाण्याने डोकं धुण्याचा प्रयोग घरून काम करणाऱ्याने करावा. केस रंगवणाऱ्यांनी 'काळी मेंदी' नैसर्गिक समजून घेऊ नये. मेंदीचा रंग तांबूसच येतो, काळा येतो तो बहुधा त्यात मिसळलेल्या पीपीडी या कृत्रिम रंगाच्या रसायनामुळे, आणि त्याची अॅलर्जी वाईट असते.

शेवटी केस गळण्याचं. रोज 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे. रोज धुणाऱ्याचे ते रोज थोडेथोडे मोरीत जातात आणि नजरेत येत नाहीत. आठवड्याने न्हाणाऱ्याचे सुटलेले केस अंबाड्यात अडकून राहतात आणि एकाच दिवशी मूठभर हातात येतात. शिकेकाई सुरू केल्यावर घाबरवणारी मूठ बहुधा हीच असते. पण भांगाची रेघ रुंद होत असेल, एखाद्या ठिकाणी गोल चकती पडली असेल, किंवा तापातून किंवा बाळंतपणातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी झुपक्याने केस जात असतील, तर त्याचा शॅम्पूशीही संबंध नाही आणि शिकेकाईशीही. तिथे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यायचं.